कुणाला कुठलं हार्ट पाठवावं? नव्याने व्हॉट्सअॅप वापरू लागलेल्यांसाठी

कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात मी फोन शिकवायला जाते. यूपीआयने पैसे पाठवणं, मेट्रोचं तिकीट काढणं, जुने फोटो शोधणं हे सगळं सरावाने जमतं. हार्टच्या इमोजीपाशी मात्र चांगली अनुभवी माणसंही अडखळतात. ‘सुनेला लाल बदाम पाठवला तर चालेल का?’, ‘शेजारच्या वहिनींनी निळं का पाठवलं असेल?’, ‘काळं म्हणजे अपशकुन तर नाही?’ असे प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात. यात लाजण्यासारखं काहीही नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात आलेली मुलंसुद्धा हेच विचारतात, फक्त त्यांचा प्रश्न ऑफिसमधल्या टीम लीडबद्दल असतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हार्टच्या रंगांचा अधिकृत अर्थ कुठेही ठरवून दिलेला नाही. इमोजींची जागतिक यादी युनिकोड कन्सॉर्शियम ही संस्था सांभाळते. ती प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आणि एक नाव देते. पिवळ्या हार्टचं नाव ‘यलो हार्ट’, बस्स. ते मैत्रीचं की मायेचं, याबद्दल ती काही सांगत नाही. चित्रही ती काढत नाही. अॅपल, गूगल, सॅमसंग आपापल्या फोनसाठी आपापलं काढतात. अँड्रॉइड ४.४ मध्ये तर पिवळं हार्ट चक्क गुलाबी आणि केसाळ दिसायचं. पाठवणाऱ्याने पाठवलं पिवळं, समोर उमटलं भलतंच. म्हणून ‘कुठल्या रंगाचा काय अर्थ’ असे जे तक्ते ग्रुपवर फिरत असतात, ते पाठ करू नका. तक्ता पाठ केला की शेजाऱ्याच्या साध्या मेसेजमध्येही गूढ दिसायला लागतं. अर्थ लागतो तो माणसावरून, त्याच्या सवयीवरून आणि ज्या मेसेजखाली हार्ट आलं त्या मेसेजवरून.

पहिली पायरी: हार्ट शोधा

कीबोर्डवर हसरा चेहरा असतो, तो दाबा. अँड्रॉइडच्या जीबोर्डमध्ये चेहरे, मांजरं, माकडं ओलांडली की हार्ट लागतात. आयफोनवर ती चिन्हांच्या विभागात सापडतात. शोधण्याची पट्टी दिसत असेल तर तिच्यात इंग्रजीत ‘हार्ट’ लिहा, सगळी एका जागी येतील. एकदा वापरलेलं हार्ट पुढच्या वेळी ‘नुकतेच वापरलेले’ या गटात सापडतं, त्यामुळे शोधाशोध पहिल्यांदाच करावी लागते.

सगळे रंग एकदम आलेले नाहीत, हे माहीत असलेलं बरं. निळं, हिरवं, पिवळं आणि जांभळं २०१० मध्ये यादीत आलं. काळं २०१६ मध्ये, नारिंगी २०१७ मध्ये, पांढरं आणि तपकिरी २०१९ मध्ये. साधं गुलाबी, फिकट निळं आणि राखाडी यांना २०२२ उजाडलं, आणि आपल्या हातातल्या फोनवर ती २०२३ मध्ये दिसू लागली. तुमचा फोन जुना असेल आणि अपडेट होत नसेल, तर नातीने पाठवलेल्या गुलाबी हार्टच्या जागी रिकामा चौकोन दिसेल. तिने चौकोन पाठवलेला नाही. सेटिंगमध्ये जाऊन अपडेट आहे का बघा; नसेल तर तिला सांगा, ती लाल पाठवेल.

लाल हार्ट सगळ्यांत जुनं. ते युनिकोडमध्ये १९९३ पासून आहे आणि गंमत म्हणजे त्याचं तिथलं नाव ‘हेवी ब्लॅक हार्ट’ असं आहे. छपाईच्या भाषेत ‘ब्लॅक’ म्हणजे आतून भरलेलं. ते लाल दिसावं म्हणून त्याच्यामागे एक अदृश्य खूण जोडलेली असते. जुन्या कॉम्प्युटरवर किंवा एखाद्या अॅपमध्ये ती खूण गळली, तर तुमचं लाल हार्ट समोर काळं उमटू शकतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली काळं हार्ट दिसलं, तर आधी हे कारण आठवा. मन खट्टू करून घेऊ नका.

दुसरी पायरी: पाठवणं वेगळं, चिकटवणं वेगळं

व्हॉट्सअॅपवर हार्ट दोन प्रकारे जातं, आणि दोन्हींचं वजन सारखं नाही.

एक, मेसेज म्हणून. नुसतं एक लाल हार्ट पाठवलं, बाकी काही लिहिलं नाही, तर ते पडद्यावर मोठं होऊन धडधडतं. मुलाला किंवा मैत्रिणीला असं पाठवलं तर छानच. पण ज्यांच्याशी फारशी ओळख नाही, त्यांच्या फोनवर एकटं धडधडणारं हार्ट जरा जास्त होतं. त्यावर उपाय सोपा आहे. आधी शब्द लिहा, मग हार्ट जोडा. ‘पुरणपोळ्या मिळाल्या, फारच मऊ झाल्यात ❤️’ असं लिहिलं की हार्ट लहानच राहतं आणि ते कशासाठी आहे तेही कळतं.

दुसरं, रिअॅक्शन म्हणून. आलेल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की वर एक छोटी पट्टी उघडते. ही सोय व्हॉट्सअॅपने २०२२ मध्ये आणली. सुरुवातीला तिच्यात सहाच इमोजी होते: अंगठा, लाल हार्ट, हसून डोळ्यांत पाणी, आश्चर्य, अश्रू आणि जोडलेले हात. आता अधिकच्या चिन्हावर टॅप करून कुठलाही इमोजी लावता येतो. रिअॅक्शन ही बहुतेक वेळा नुसती पोच असते. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी लिहितात, ‘उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुतली जाईल, पाणी भरून ठेवावे.’ त्याखाली चार अंगठे, दोन जोडलेले हात आणि तीन लाल हार्ट येतात. ती तीन हार्ट म्हणजे ‘वाचलं, आभारी आहे’. सेक्रेटरींवर कुणाचं प्रेम बसलेलं नाही, टाकीवरही नाही. तुमच्या मेसेजला कुणी असं हार्ट लावलं तर ते पोच म्हणूनच घ्या.

या पट्टीत बोट घसरतं, विशेषतः हार्टच्या शेजारीच हसणारा चेहरा असल्यामुळे. निधनाच्या बातमीखाली हसणारा चेहरा लागला तर घाबरू नका. त्याच रिअॅक्शनवर टॅप करा, ‘काढण्यासाठी टॅप करा’ असं येईल, पुन्हा टॅप करा. गेलं. पाठवलेल्या मेसेजमध्ये चुकीचं हार्ट गेलं असेल, तर तो मेसेज दाबून धरा आणि एडिट निवडा. पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत ही दुरुस्ती करता येते. त्यानंतर दोन दिवसांपर्यंत ‘सर्वांसाठी डिलीट करा’ हा पर्याय मिळतो. तो वापरल्यावर तिथे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ असं दिसत राहतं, म्हणून मी तरी दोन ओळी लिहून मोकळं व्हायला सांगते: ‘माफ करा, चुकून दुसरंच दाबलं गेलं.’ सगळ्यांच्याच हातून हे होतं, आणि कुणी मनात धरत नाही.

तिसरी पायरी: लाल हार्ट निःसंकोच कुणाला पाठवावं

मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडं, बहीण, भाऊ, जुनी मैत्रीण, जुना मित्र. बिनधास्त पाठवा. युनिकोडने २०२१ मध्ये जगभरातल्या वापराचा आढावा घेतला, तेव्हा हसून रडणाऱ्या चेहऱ्याच्या पाठोपाठ लाल हार्ट दुसऱ्या क्रमांकावर होतं. इतकी माणसं जे रोज वापरतात, ते फक्त प्रियकर-प्रेयसीचं कसं राहील? मुलाच्या नव्या घराचा फोटो आला, नातीचा निकाल लागला, सुनेने डॉक्टरांकडून येऊन ‘सगळं ठीक आहे आई’ असं कळवलं, या सगळ्याला लाल हार्ट योग्यच आहे.

आपल्याकडे तोंडाने प्रेम बोलून दाखवायची सवय फारशी नाही. ‘जेवलास का’, ‘पोचल्यावर फोन कर’, यातच ते येऊन जातं. अशा घरांत या चिन्हाने मोठं काम केलं आहे, असं मला मनापासून वाटतं. आमच्या संघातल्या एका काकांचा मुलगा जर्मनीत असतो. काका त्याला रोज सकाळी पर्वतीवर जाताना काढलेला एक फोटो पाठवायचे, खाली काही नाही. एके दिवशी त्यांनी फोटोखाली लाल हार्ट लावलं. मुलाने दोन मिनिटांत फोन केला, ‘बाबा, बरे आहात ना?’ काका म्हणाले, ‘बरा आहे. शिकलोय.’ आता मुलगाही उलट पाठवतो. सुरुवातीला घरच्यांना असं थोडं आश्चर्य वाटेल, ते वाटू द्या.

चौथी पायरी: बाकीचे रंग

जांभळ्यापासून सुरू करते, कारण त्याबद्दल सर्वाधिक गैरसमज होतात. सदाशिव पेठेतल्या एक आजी नातीच्या मेसेजमुळे काळजीत होत्या. ‘आजी, क्लासला पोचले 💜’, दर वेळी जांभळंच, लाल कधीच नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जांभळं म्हणजे मनातलं दुःख. खरं कारण कोरियात होतं. बीटीएस हा तिथला प्रसिद्ध गायकांचा गट. त्यातल्या व्ही या गायकाने २०१६ मध्ये चाहत्यांच्या एका कार्यक्रमात जांभळ्या रंगाला विश्वासाचा, दीर्घ सोबतीचा अर्थ दिला, आणि तेव्हापासून जगभरच्या चाहत्यांनी जांभळं हार्ट आपलंसं केलं. नात या गटाची चाहती. ती आजीला तिच्याजवळचं सगळ्यांत खास हार्ट पाठवत होती. आजींनी तिला विचारल्यावर तिने त्यांना सातही जणांची नावं पाठ करायला लावली.

निळ्याचे पुण्यात दोन-तीन घट्ट संदर्भ आहेत. एप्रिलमध्ये, ११ तारखेला महात्मा फुले जयंती आणि १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती असते, त्या आठवड्यात ‘जय भीम 💙’ असे मेसेज येतात. १ जानेवारीला पेरणे इथल्या विजयस्तंभाला अभिवादन करताना तेच निळं दिसतं. हा रंग चळवळीचा आहे, त्यामागे आदर आहे. असा मेसेज आला तर ‘जय भीम’ म्हणून त्याच रंगाने उत्तर देणं शोभून दिसतं. भारतीय क्रिकेट संघ खेळत असला की निळं हार्ट संघासाठी, आयपीएलमध्ये मुंबईसाठी. आणि हे काहीच नसेल तर? तर पाठवणाऱ्याला निळा रंग आवडतो. शेजारच्या वहिनींचं बहुतेक हेच असतं. शिवाय काही माणसं लाल हार्टला कचरतात आणि मोकळ्या मैत्रीसाठी मुद्दाम निळं किंवा पिवळं निवडतात. ही सवय मला फार समजूतदार वाटते. तुम्हालाही लाल जड वाटत असेल तर हाच मार्ग धरा.

पिवळं हार्ट मैत्रीचं म्हणून सगळीकडे चालतं. जेजुरीला जाऊन आलेल्यांच्या फोटोंखाली ते भंडाऱ्याचं असतं, चेन्नईच्या चाहत्यांचं क्रिकेटचं. २०१८ मध्ये चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याच्या मैदानावर हलवले होते, तेव्हापासून पुण्यातही हे चाहते बरेच आहेत. नारिंगी हार्ट शिवजयंतीला, गणपतीत, वारीच्या दिवसांत भगव्याच्या जागी येतं, कारण खऱ्या भगव्या रंगाचं हार्ट अजून नाही. हिरवं झाडं लावणारे, टेकड्या वाचवणारे लोक वापरतात, ईदच्या शुभेच्छांतही येतं. तपकिरी क्वचितच दिसतं. चहा-कॉफीच्या फोटोखाली असेल तर तेवढंच समजा.

पांढरं आणि काळं जपून. तरुण मुलं दोन्ही रंग निव्वळ शोभेसाठी वापरतात, काळ्या कपड्यांतल्या फोटोखाली काळं हार्ट म्हणजे ‘मस्त दिसतेस’ एवढंच. साठीपुढच्या माणसाला मात्र काळं पाहून चर्र होतं. म्हणून मोठ्यांना शुभप्रसंगी काळं पाठवू नका, असं मी मुलांना सांगते, आणि मुलांच्या काळ्याकडे शंकेने बघू नका, असं मोठ्यांना. दुःखद प्रसंगी काही लोक पांढरं हार्ट लावतात. ते चुकीचं नाही, पण आपल्याकडे त्या वेळी जोडलेले हात सर्वांना कळतात आणि कुणालाच खटकत नाहीत. त्याहून बरं म्हणजे फोन करणं.

नवरात्रात वरचं सगळं नऊ दिवस बाजूला ठेवा. त्या दिवसांत ऑफिसपासून पोळीभाजी केंद्रापर्यंत बायका त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसतात आणि फोटोखाली त्याच रंगाची हार्ट पडतात. हिरवं आलं तर आज हिरवा आहे. राखाडी हार्ट आल्यापासून ग्रे साडीच्या दिवसाचीही सोय झाली आहे. मोरपंखी मात्र अजून नाही, त्या दिवशी निळं आणि हिरवं शेजारी शेजारी लावतात.

हार्टचे आकारही वेगवेगळे असतात, पण त्यातली दोनच लक्षात ठेवा. तुटलेलं 💔 हे प्रेमभंगाचं किंवा मोठ्या निराशेचं. कुणाला हार्ट अॅटॅक आला, बायपास झाली, अशा बातमीखाली ते लावू नका. पट्टी बांधलेलं ❤️‍🩹 हे २०२० मध्ये आलं, ते बरं होण्याचं. चमचमणारी, दोन-दोन, फिरणारी बाकीची सगळी लालसारखीच वापरतात.

पाचवी पायरी: कुठे हात आवरावा

नवीन ओळख, घरमालक, डॉक्टर, मुलांचे शिक्षक, बँकेतला माणूस, प्लंबर. यांना हार्ट पाठवायची गरज नसते. ‘धन्यवाद 🙏’ पुरेसं आहे.

ऑफिसचं थोडं वेगळं आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांत टीम्स या ऑफिसच्या चॅट अॅपवर काम चालतं आणि तिथल्या तयार रिअॅक्शनमध्येच हार्ट आहे. सगळ्यांसमोरच्या चॅटमध्ये ‘रिलीज वेळेत झालं’ या मेसेजला कुणी हार्ट लावलं, तर ते कामाचं कौतुक. पण वैयक्तिक चॅटमध्ये, रात्री उशिरा, कामाचा विषय नसताना वरिष्ठाकडून हार्ट येत राहिली, तर ती गोष्ट वेगळी आहे आणि तुम्हाला ती वेगळी वाटत असेल तर तुमचं बरोबर आहे. एकदा स्पष्ट लिहा: ‘कृपया मला असे इमोजी पाठवू नका.’ तरीही थांबलं नाही तर स्क्रीनशॉट ठेवा, काहीही डिलीट करू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्यानुसार १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. स्त्रीला या समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. ज्यांना हार्ट पाठवायची सवय आहे त्या पुरुषांनी उलट बाजूने एवढंच बघावं: समोरून कधी हार्ट आलेलं नसेल तर आपणही पाठवू नये.

मुलांचा फोन बघणाऱ्या आईबाबांसाठी एक खुलासा. स्नॅपचॅटवर नावापुढे दिसणारं हार्ट कुणी पाठवलेलं नसतं, ते अॅप स्वतः लावतं. दोघं एकमेकांना सर्वांत जास्त स्नॅप पाठवत असतील तर पिवळं, दोन आठवडे तसंच चाललं तर लाल, दोन महिने चाललं तर दोन गुलाबी. मुलीच्या मैत्रिणीपुढेही ते येतं. इन्स्टाग्रामवर फोटोवर दोनदा टॅप केलं की उमटणारं हार्ट म्हणजे फक्त ‘आवडलं’. यावरून घरात चौकशी सुरू करण्याआधी हे समजून घ्या.

एक विनंतीही आहे. ग्रुपमध्ये कुणाची दृष्टी अधू असेल तर एकापाठोपाठ वीस हार्ट पाठवू नका. पडदा वाचून दाखवणारी सोय वापरणाऱ्यांना फोन इमोजींची नावं बोलून दाखवतो. त्यांना तुमचा मेसेज ऐकायला त्या सगळ्यांतून जावं लागतं. एक हार्ट, तेही मेसेजच्या शेवटी, त्यांना सोयीचं पडतं.

सहावी पायरी: अनोळखी नंबरवरून हार्ट आलं तर

हे ज्येष्ठांनी नीट वाचावं. अनोळखी नंबरवरून ‘नमस्कार, कसे आहात ❤️’ असा मेसेज येतो, फोटो सुंदर असतो, बोलणं गोड असतं. उत्तर दिलं की रोज सकाळ-संध्याकाळ हार्ट येऊ लागतात. काही दिवसांनी गुंतवणुकीची संधी, आजारपण, कस्टममध्ये अडकलेलं पार्सल, यातलं काहीतरी निघतं. किंवा व्हिडिओ कॉल येतो आणि त्याचं रेकॉर्डिंग दाखवून पैसे मागतात. एकट्या राहणाऱ्या माणसांना हे लोक हेरतात. एकटेपणात कुणी विचारपूस केली तर बरं वाटणारच, त्यात तुमचा काही दोष नाही. म्हणून ओळख पटल्याशिवाय उत्तरच देऊ नका. ‘मी तुमच्या भाचीची मैत्रीण’ म्हणाली, तर आधी भाचीला फोन करा. नंबर उघडून वरच्या नावावर टॅप करा, खाली ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ दिसेल, दोन्ही करा. पैसे गेलेच असतील तर लाजून बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. चॅट पुसू नका, पोलिसांना ते लागतं.